खंडेनवमीला चाकूची परीक्षा

माझ्याकडे एकोणीस चाकू आहेत आणि त्यांतल्या एकानेही आजवर साधा कांदा चिरलेला नाही, असं माझी बायको लीना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. हे साफ खोटं आहे. दोन वर्षांपूर्वी मी एकाने कलिंगड कापलं होतं. पण लीनाला वादात हरवणं मला एकतीस वर्षांत जमलेलं नाही, म्हणून मी तो विषय काढत नाही.

मी नगरला गणिताचा मास्तर होतो. पाट्यांवर आता अहिल्यानगर आलंय, पण जिभेला सवय लागायला वेळ लागतो. निवृत्त झालो त्या आठवड्यात मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. एक माणूस बर्फाळ जंगलात हरवतो आणि फक्त एका चाकूवर नऊ दिवस काढतो. आमच्याकडे बर्फ पडत नाही, आणि हरवायचं मनावर घेतलं तरी अर्ध्या तासात कुठला तरी ढाबा आडवा येतो. तरी मला त्या चाकूने झपाटलं ते झपाटलंच. पातं किती लांब असावं, पाठ किती जाड, घडीचा चाकू बरा की सरळ, यावर मी दोन वर्षं इतका अभ्यास केला की तेवढा बी.एड.ला केला असता तर मुख्याध्यापक झालो असतो.

घरात मला श्रोता नव्हता. लीना विळीवर भाजी चिरते आणि विळीवर खूश आहे. माझे वडील, मार्तंड अप्पा, शहाऐंशी वर्षांचे. त्यांनी जन्मभर पंचांग सांगितलं, लग्नं लावली, वास्तुशांती केल्या. माझ्या चाकूंकडे बघून ते एवढंच म्हणायचे, "दर्भ कापायला तरी उपयोग होतो का रे?" अशा घरात माणसाचं ज्ञान कुजून जातं.

म्हणून पंकजाचा फोन आला तेव्हा मी बसल्या जागी तरंगलो. पंकजा माझी जुनी विद्यार्थिनी. तिसगावच्या वरच्या अंगाला, गर्भगिरीच्या डोंगरउतारावर तिने आठ एकर पडीक रान घेतलं होतं आणि तिथे शाळेच्या मुलांसाठी शिबिर सुरू करायचं ठरवलं होतं. रानात वाट चुकलात तर पाणी कसं शोधायचं, निवारा कसा करायचा, जाळ कसा पेटवायचा, असं सगळं. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याच्या एका शाळेची पहिली तुकडी येणार होती.

"सर, चाकूचं तेवढं अडलंय," ती म्हणाली. "कुठले चाकू घ्यायचे ते तुम्ही सांगा. आणि शिकवणारं माणूस निवडायचंय. शाळेची अट आहे, बाहेरच्या जाणकाराने परीक्षा घेऊन लेखी शेरा द्यावा."

जाणकार हा शब्द माझ्यासाठी कोणीतरी पहिल्यांदाच वापरला होता. मी दुसऱ्याच दिवशी एकोणीसच्या एकोणीस चाकू पिशवीत घालून एसटीत बसलो. करंजी घाटात गाडीला हिसका बसला, पिशवी कलंडली आणि दोन चाकू कंडक्टरच्या पायाशी गेले. त्याने ते बघितले, मला बघितलं, माझा चष्मा बघितला. "काका, दरोडा टाकायला निघालात का लग्नाच्या आचाऱ्याला भेटायला?" त्याने विचारलं. सगळी गाडी हसली आणि तिसगाव येईपर्यंत हसत राहिली.

पंकजाच्या तंबूंपुढे मी चादर अंथरली आणि चाकू ओळीने मांडले. पलीकडे एक बाई कोयत्याने घाणेरीची झुडपं तोडत होती. पन्नाशीला आलेली, डोक्याला फडकं, काचेच्या बांगड्या फक्त डाव्या हातात. तिचा कोयता एका लयीत पडत होता आणि एक झुडूप दोन घाव मागत नव्हतं. पंकजा म्हणाली, ही रतनबाई, खालच्या वस्तीवरची. बावीस वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते.

रतनबाई पाणी प्यायला आली आणि चादरीपाशी थांबली. "बघू का?" तिने विचारलं. मी मोठ्या मनाने हो म्हणालो आणि माहिती द्यायला घसा साफ केला, पण तिला माहिती नको होती. तिने एकेक चाकू उचलला, पात्याला टिचकी मारली आणि तो कानाशी नेला.

"ह्ये बोदं बोलतंय," ती म्हणाली आणि माझा तिसऱ्या नंबरचा आवडता चाकू खाली ठेवला. पाठीवर करवतीचे दात असलेला उचलला. "ह्याचं दात लाकडात अडकत्यात, अन् काडतानी हात फाटतो." मग पोकळ मुठीचा, जिच्या टोकाला होकायंत्र असतं तो. तिने ती मूठ फिरवून उघडली आणि आत बघितलं. "ह्यात काय ठिवायचं? तंबाखू?"

"काडेपेटी, गळ, दोरा," मी म्हणालो. "संकटकाळी उपयोगी पडणाऱ्या वस्तू."

"मूठ पोकळ म्हंजी पोलाद मुठीपाशीच संपलं. जोर लावला की मान मोडंल, अन् मग संकटकाळच यील." घडीच्या चाकूंकडे तिने नुसतं बघितलं आणि पुढे गेली. शेवटी तिने साध्या लाकडी मुठीचा एक उचलला. तो मला दुसऱ्या एका चाकूवर फुकट मिळाला होता. पातं आपल्या तळव्यावर ठेवून मोजलं, तळव्याएवढंच भरलं. "ह्यो चांगला हाय. पोलाद पार शेवटापत्तुर गेलंय. पाठ जाड हाय, म्हंजी वरनं दांडकं ठोकून लाकूड फोडता यील. यापरीस लांब पातं पोरांच्या हातात द्यायचंच न्हाई, टोक कुटं चाललंय त्ये त्यांना कळत न्हाई."

हे सगळं मला ठाऊक होतं. दोन वर्षांत शिकलो होतो. तिने ते पाच मिनिटांत, पाण्याचा तांब्या हातात धरून सांगितलं. मला राग आला हे मी लपवत नाही. शिवाय चाकू परत देताना तो तिने माझ्या हातात दिला नाही, चादरीवर ठेवला आणि म्हणाली, "धारंची वस्तू हातात देत न्हाईत. खाली ठिवायची, दुसऱ्यानं उचलायची." तेही बरोबरच होतं.

पंकजाने तिथेच विचारलं, "रतनबाई, पोरांना हे शिकवाल का?"

रतनबाईने तांब्या खाली ठेवला. "ठिवलं तर आवंदा मी तोडीला जात न्हाई," ती म्हणाली. "दसऱ्याला सांजच्याला वैजनाथ मुकादम येतोय. त्याला व्हय का न्हाई त्ये सांगावं लागतंय. एकदा व्हय म्हनलं की चैत्रापत्तुर घर न्हाई." मग ती थोडा वेळ डोंगराकडे बघत होती. "माझी पोरगी दिशा दहावीला हाय. दर साली तिला नणंदंकडं ठिवून जाते. मागल्या साली तिला टायफाईड झाला, त्ये मला आकरा दिसांनी कळलं. फडात मोबाईलला रेंज नव्हती."

नवऱ्याचं काय, असं मी विचारलं. तिकडे दोन माणसांच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात, एवढं मला माहीत होतं. तिचा नवरा सहादेव भावाबरोबर जोडी करणार होता, तसं दोघांचं बोलून झालं होतं. अडलं होतं ते एवढ्यावरच, की रतनबाईला गावात काम मिळतं की नाही. मला तिचं वाईट वाटलं. पण मी परीक्षक होतो, आणि परीक्षकाने वाईट वाटून घ्यायचं नसतं असं मी बत्तीस वर्षं स्वतःला बजावलं आहे.

दुसरा उमेदवार पाथर्डीचा होता, कानिफनाथ नावाचा. ट्रेकवाल्यांना डोंगर दाखवायचा, चाकूचे व्हिडिओ करायचा. मी घरी येऊन नियम लिहिले, अकरा नियम, लाल शाईने. नियम क्रमांक एक : उमेदवाराने स्वतःचे हत्यार आणावे, हत्याराशिवाय येणारा बाद. मग तारीख. मुकादमाच्या आधी निकाल लागायला हवा, म्हणजे दसऱ्याच्या आधी. घट सोमवारी बसले होते. बोटांवर नऊ दिवस मोजले, नवमी मंगळवारी आली. कॅलेंडरवर दसरा गुरुवारी लाल होता. मधला बुधवार मोकळा. मी पंकजाला कळवून टाकलं, बुधवारी सकाळी दहा वाजता.

नवमी आणि दसरा यांच्यामध्ये मोकळा दिवस कुठून आला, हा प्रश्न गणिताच्या मास्तराला पडायला हवा होता. नाही पडला.

बुधवारी पहाटेच निघालो, घरातली माणसं झोपेत असताना. यंदा पाऊस इतका झाला होता की डोंगर अजून गळत होता. लाकूड ओलं, माती ओली, तंबूंच्या दोऱ्या ओल्या. मला आनंदच झाला, परीक्षा अवघड होणार. कानिफनाथ आधीच येऊन थांबला होता. पँटला अकरा खिसे, कमरेला हातभर म्यान, पण पोरगा वाकून पाया पडला आणि माझी पिशवी त्याने उचलून आणली. मला तो आवडला.

रतनबाई दहाला पाच कमी असताना चढ चढून आली. नवं लुगडं, केसात झेंडूचं फूल, हात रिकामे.

"कोयता?" मी विचारलं.

"घरी हाय. देवापुढं."

"देवापुढं काय करतोय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "पूजंला बसलाय की. आज खंडेनवमी. सकाळीच कोयता, इळा, कुऱ्हाड सारी धुतली, हळद-कुंकू लावलं, फूल वाह्यलं. आता उद्या सोनं लुटूस्तवर लोखंडाला हात लावायचा न्हाई. वरसभर त्यानं राबायचं, एक दिस त्याला सुट्टी."

"तुम्हाला नियम माहीत आहे ना? हत्याराशिवाय येणारा बाद."

"माहीत हाय. पंकजाताईनी फोनवर वाचून दावला." ती जराही घाबरलेली नव्हती. "पर दिस तुमी धरलाय. तुमचं पंचांगवाल्याचं घर. आमी म्हनलं, सरांनी मुद्दाम आजचा दिस काडलाय. हत्यार असल्यावर कुनीबी करंल, हत्यार हरावलं तर काय करतीया त्ये बघायचं असंल."

पंकजा माझ्याकडे बघायला लागली. कानिफनाथही. त्या क्षणी मी एक पाप केलं, ते सांगूनच टाकतो. मी चष्मा सारखा केला आणि म्हणालो, "हो, म्हणजे… तसाच काहीसा विचार होता."

तेवढ्यात माझा फोन वाजला. अप्पांना ऐकू कमी येतं, त्यामुळे ते ओरडून बोलतात, आणि मलाही हल्ली स्पीकर चालू ठेवायची सवय लागली आहे.

"सुहास," अप्पांचा आवाज सगळ्या डोंगराने ऐकला, "तुझ्या त्या सुऱ्या कुठे आहेत? चौरंग मांडून बसलोय अर्धा तास. वर्षभर मी त्यांना नावं ठेवली, म्हटलं आज त्यांचा मान आहे, रीतसर पूजा करू. तर कपाट रिकामं. घरात शस्त्र म्हणून लीनाची विळी आणि माझा अडकित्ता राहिलाय."

"अप्पा, नवमी काल झाली ना?"

"गाढवा, तृतीया वाढली आहे यंदा. नवरात्र दहा दिवसांचं. कोणाचा मुलगा आहेस तू?"

मी फोन ठेवला. कानिफनाथ बुटाची नाडी बांधत होता, आणि त्याचे खांदे हलत होते. पंकजाने तोंडावर ओढणी धरली होती. फक्त रतनबाई हसली नाही. "असू द्या सर," ती म्हणाली, "तीत वाडली की आमच्यातबी घोळ हुतो." यामुळे मला जास्तच लाज वाटली. मी लाल पेन काढलं, नियम क्रमांक एकवर रेघ मारली आणि खाली सही केली.

कानिफनाथने विचारलं, त्याने चाकू वापरला तर चालेल का. त्याच्या घरची पूजा संध्याकाळी होती. मी रतनबाईकडे बघितलं. "वापर की बाबा," ती म्हणाली. "तुझं हत्यार अजून कामावर हाय."

पहिली परीक्षा जाळाची. तीन काड्या, ओलं रान. कानिफनाथने खरंच सुरेख काम केलं. मनगटाएवढं बाभळीचं लाकूड उभं धरलं, त्यावर पातं ठेवलं, वरून दांडक्याने ठोकून फोडलं. आतला गाभा कोरडा होता. त्याचे त्याने पातळ छिलके काढले, लाकडापासून न सोडवता, फुलासारखे. दुसऱ्या काडीला एकवीस मिनिटांत जाळ. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

रतनबाईने जमिनीवरच्या एकाही लाकडाला हात लावला नाही. झाडावर उभ्याउभ्या वाळलेल्या फांद्या तेवढ्या तिने मोडून आणल्या. जाड फांदी मोडायला ती निंबाच्या बेचक्यात घालायची आणि दुसऱ्या टोकाला अंगाचा भार द्यायची, की कडकन दोन तुकडे. मग ती वर कड्याच्या कपारीत गेली. पावसात मेंढरं तिथे बसतात. तिथून तिने ओचाभरून वाळल्या लेंड्या आणि सुकं गवत आणलं. पहिल्याच काडीला पेटलं, पण एकूण वेळ लागला तेहेतीस मिनिटं. बारा मिनिटं मागे. मी तसं लिहिलं. लिहिताना मला बरं वाटलं नाही.

दुसरी परीक्षा निवाऱ्याची, आणि तिथे कानिफनाथला बिचाऱ्याला काही संधीच नव्हती. ऊसतोडीला गेलं की दर साली फडाच्या कडेला राहायला कोपी घालावी लागते, बांबू आणि पाचटाची. रतनबाईने अशा बावीस घातल्या होत्या. अडचण एकच होती, बांधायला दोर हवा आणि कापायला काही नाही. तिने ओढ्यातून एक गारगोटी आणली, दुसऱ्या दगडावर आपटली आणि उडालेली धारदार कपची अंगठ्याने तपासली. त्या कपचीने ती घायपाताची पानं चिरायला लागली.

"मावशी, ही पण धारच झाली की," कानिफनाथ म्हणाला. तो रागाने नव्हे, खरंच शंका म्हणून विचारत होता.

"सुट्टी लोखंडाला हाय," ती मान वर न करता म्हणाली. "दगूड कामावर हाय."

अर्ध्या तासात तिची कोपी उभी राहिली. मी आत जाऊन बसलो, पंकजा बसली, शेवटी कानिफनाथही त्याचा निवारा सोडून आत आला, कारण पावसाची एक सर आली होती आणि त्याच्याकडे गळत होतं. चौघं गुडघे पोटाशी घेऊन बसलो. एक-एक अशी बरोबरी झाली होती आणि उद्या संध्याकाळी वैजनाथ मुकादम रतनबाईच्या दारात येऊन थांबणार होता. ती पदराने हात पुसत होती, सारखे पुसत होती. आता मला दिसलं की ती सकाळपासून घाबरलेली आहे.

तिसरी परीक्षा निवडीची. पाऊस थांबल्यावर चादरीवर एकोणीस चाकू मांडले. प्रश्न मीच काढला होता : बारा वर्षांच्या मुलाला रानात न्यायचंय, त्याला यांतला कुठला द्याल?

कानिफनाथने वेळ घालवला नाही. त्याने नारिंगी मुठीचा उचलला. "पातं चार इंच, पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत सलग. गंजत नाही. मूठ ओल्या हातातून निसटत नाही. आणि गवतात पडला तरी रंगामुळे लगेच सापडतो." मीही हाच निवडला असता. शब्दही साधारण हेच वापरले असते. मी पूर्ण गुण लिहिले, आणि लिहिता लिहिता कळलं की हे आता संपलंच आहे.

रतनबाई चादरीपुढे उकिडवी बसली. हात मांडीखाली दाबून धरले होते, सवयीने कुठल्या चाकूला लागू नयेत म्हणून. नजर एकेका पात्यावरून फिरत होती.

"बोला," मी म्हणालो.

"पोरगं कोन हाय?"

"कुठलंही. बारा वर्षांचं."

"उजवं का डावं?"

मी पेन खाली ठेवलं.

"ह्यो नारिंगी चांगलाच हाय, त्यानं बरूबर सांगितलं," ती म्हणाली. "पर ह्याची धार एकाच अंगानं घासल्याली हाय. बघा, उजवीकडनं उतार, डावीकडनं सपाट. उजव्या हाताला लाकूड तासाया ब्येस. डाव्या हातात दिला तर आत घुसतो, लाकूड सोडतो अन् अंगठ्यावर येतो. माझी दिशा डावी हाय. सात वर्सांची आसताना तिनं माझा इळा घेतला अन् बोट कापलं. मी तिलाच मारलं, नीट धरत न्हाईस म्हनून. मग लोहार म्हनला, बाई, पोरीला कशापायी मारती, इळा उलटा घासून देतो." ती थांबली. "म्हनून इचारलं. आदी हात बघायचा, मग हत्यार. डावं असंल तर त्यो लाकडी मुठीचा द्या, दोन्हीकडनं घासल्याला हाय."

तो नारिंगी चाकू माझ्या संग्रहातला सगळ्यात चांगला होता आणि त्याने माझ्याकडून कधी सरळ काप निघाला नव्हता. कलिंगडही वाकडंच कापलं गेलं होतं. मला वाटायचं, माझ्या हातातच कसब नाही.

मी डावा आहे. हे कोणाला माहीत नाही, कारण अप्पांनी आणि त्यांच्या नंतर शाळेने तो हात माझ्याकडून काढून घेतला. देवाचं डाव्या हाताने करत नाहीत, अक्षरही डाव्या हाताने काढत नाहीत. पहिलीत असताना शाळेत वेताची छडी आणि घरी तो हात बांधायला सुतळी. मी उजव्याने लिहायला शिकलो, जेवायला शिकलो, बत्तीस वर्षं फळ्यावर उजव्याने लिहिलं; चाकू तेवढा अजून नकळत डाव्या हातात जातो. अप्पांवर माझा राग नाही, त्यांनाही कोणी तसंच शिकवलं असणार. पण साठ वर्षांत मला कोणी हे विचारलं नव्हतं. त्या ओल्या डोंगरावर, चादरीपुढे बसून, मी माझा डावा हात उलटासुलटा करून बघितला.

"सर डावे आहेत," पंकजा हळूच म्हणाली. मी चमकून बघितलं. "आम्हाला वर्गात सगळ्यांना माहीत होतं, सर. तुम्ही लिहायचात उजव्याने, पण खडू फेकून मारायचात डाव्याने. तो कधी चुकायचा नाही."

मी शेरा तिथेच लिहिला, कोपीत बसून. जाळात कानिफनाथ बारा मिनिटांनी पुढे. निवाऱ्यात रतनबाई. निवडीत कानिफनाथचं उत्तर बरोबर, रतनबाईचा प्रश्न त्याहून बरोबर. मुलांच्या हातात धार द्यायची असेल तर ती देणाऱ्याने आधी मुलाचा हात बघायला हवा, सबब रतनबाई. तारखेची चूक माझी, तीही नोंदवली, कारण शाळेला खोटा कागद पाठवायचा नव्हता. मग मोठ्याने वाचून दाखवलं.

कानिफनाथने आपला चाकू म्यानात घातला. त्याला लागलं होतं, आणि लागायलाच हवं होतं, त्याने काम चांगलं केलं होतं. मग तो म्हणाला, "मावशी, ते बेचक्यात फांदी मोडायचं मला दाखवाल का?" ती म्हणाली, "चल की," आणि उठली. पण उठून ती बेचक्याकडे गेली नाही. कोपीच्या मागे जाऊन तिने सहादेवला फोन लावला. आम्हाला फक्त तिचंच बोलणं ऐकू येत होतं. "मुकादमाला सांगा, माझं न्हाई म्हना." मग, "दिशा शाळंतनं आली का? तिला तुमी नका सांगू. मी यून सांगते."

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी पुण्याची चौदा मुलं आली, आणि मीही आलो, बघायला म्हणून. रतनबाईला आठला यायचं होतं, ती नऊला आली. डोळे लाल होते, पण ती हसत होती.

"आज टोळ्या निघाल्या," तिने मला सांगितलं. "ह्यांची गाडी सकाळीच गेली. आजपत्तुर मी गाडीतनं बघायची सर, गाव मागं मागं जातंय. आज मी अन् दिशा रस्त्याला हुभं ऱ्हाऊन बघितलं. पार वळणापत्तुर बघितलं. मग ती म्हनली, आई, चल घरी." तिने पदराने तोंड पुसलं. "घरी म्हनली."

मग ती मुलांकडे वळली. मुलं रांगेत उभी होती, चुळबुळत, चादरीवरच्या चाकूंकडे बघत. तिने एकालाही चाकू दिला नाही.

"आदी हात दावा," ती म्हणाली. "घास ज्या हातानं खाताय त्यो न्हाई. दगूड ज्या हातानं मारताय त्यो. उजवी हिकडं, डावी तिकडं."

तीन मुलं डावीकडे सरकली. तिसरी एक चष्मेवाली मुलगी होती, ती सरकण्याआधी आजूबाजूला बघत होती, कोणी रागावेल का म्हणून. मी दगडावरून उठलो, पँट झटकली आणि डाव्यांच्या रांगेत तिच्या मागे जाऊन उभा राहिलो.